परक्यांचे दिवे : ‘हाफ-लाइफ’मधील प्रकाशयोजना

रंगभूमीवर दिवा बहुधा झाकलेला असतो. प्रेक्षकाला दिसतो तो केवळ त्याचा उजेड. संगणकावरील खेळाचे तसे नाही. तेथे खेळणारा स्वतःच त्या जगात हिंडत असल्यामुळे तो दिव्यापाशी जाऊन उभा राहू शकतो. साहजिकच उजेड कोठून येतो, हे तेथे दाखवावेच लागते. ते जग परक्या जीवांचे असेल, तर दिवा कोणी लावला आणि कोणासाठी, हाही प्रश्न उभा राहतो. ‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकन कंपनीच्या दोन खेळांनी या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे दिली आहेत.

पहिला खेळ १९९८ सालचा ‘हाफ-लाइफ’. न्यू मेक्सिकोमधील ‘ब्लॅक मेसा’ या काल्पनिक प्रयोगशाळेत एक प्रयोग फसतो आणि ‘झेन’ नावाच्या परक्या जगाकडे जाणारी वाट उघडते. कथेच्या शेवटी गॉर्डन फ्रीमन हा पदार्थवैज्ञानिक तेथे पोहोचतो. या जगात तारा नाहीत, बटणे नाहीत. जमिनीतून उगवलेले देठ मंद प्रकाशत असतात. म्हणजे तेथला दिवा ही एक वनस्पतीच आहे. आपण जवळ जाताच ती अंग आखडून जमिनीत शिरते आणि भोवताली अंधार होतो. दूर गेलो की पुन्हा वर येते. लाजाळूचे झाड पाहिलेल्याला हे नवे वाटणार नाही. परंतु याचा अर्थ मोठा आहे. ब्लॅक मेसाचे शास्त्रज्ञ नमुने गोळा करण्यासाठी येथे आधीच येऊन गेलेले असतात. म्हणजे येथे घुसखोर माणूस आहे, आणि दिवा त्याला भितो.

दुसरा खेळ २००४ सालचा ‘हाफ-लाइफ २’. येथे ‘कम्बाइन’ नावाच्या परक्या सत्तेने पृथ्वी जिंकली आहे. पूर्व युरोपच्या धर्तीवर रचलेल्या ‘सिटी १७’मध्ये जुन्या दगडी इमारतींशेजारी काळपट धातूची यंत्रे आणि थंड निळसर पांढरा उजेड दिसतो. ‘स्कॅनर’ नावाची उडती यंत्रे नागरिकांची छायाचित्रे घेतात. त्या लखलखाटाने खेळणाऱ्याचे डोळे क्षणभर दिपतात. हा उजेड माणसाला वाट दाखवण्यासाठी नाही, त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी आहे. उलट माणसाच्या स्वतःच्या विजेरीला मर्यादा आहे. जी शक्ती धावण्यास व पाण्याखाली श्वास घेण्यास लागते, तीच ती विजेरी खर्च करते.

पहिल्या खेळात दिवा माणसापासून पळतो, दुसऱ्यात तो माणसाचा पाठलाग करतो. दिव्याला विचित्र आकार वा अनोखा रंग दिल्याने तो परका ठरत नाही. तो कोणाच्या सोयीसाठी जळतो, यावरून त्या जगात सत्ता कोणाची हे कळते. आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाटकाची प्रकाशयोजना करणाऱ्या मित्रांनीही हा प्रश्न आधी स्वतःला विचारून पाहावा.