त्रिरश्मीवरील लेणे क्रमांक 10 : एका निवासी वास्तूची वाटचाल

नाशिकच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगराच्या कड्यात 24 लेणी कोरलेली आहेत. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव ‘पांडवलेणी’. तेथील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात अर्जुन व भीमसेन ही नावे येतात हे खरे; परंतु ती तिच्या पुत्राच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाला दिलेली उपमा आहे. लेणी कोणी कोरली व कोणासाठी, हे त्याच डोंगरावरील लेख निःसंदिग्धपणे सांगतात.

लेणे क्रमांक 10 हा वसतीसाठी कोरलेला विहार होय. मध्ये प्रशस्त दालन, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, खोल्यांत दगडातच कोरलेले ओटे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तो चारी दिशांच्या भिक्खुसंघाला अर्पण केला. मात्र वास्तू देऊन तो थांबला नाही. त्याने 3,000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडता केवळ व्याज वापरावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा 1 दराने व्याज मिळावयाचे आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. विद्यार्थ्यांनी हे गणित अवश्य करून पाहावे. वर्षाचे व्याज 240; वीस बारे 240. एकही कार्षापण उरत नाही, एकही कमी पडत नाही. उरलेल्या 1,000 वर शेकडा पाऊण दर होता व त्याचा विनियोग वेगळा सांगितला आहे. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविण्यात आला. भोजनासाठी त्याने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून 4,000 कार्षापणांना शेत विकत घेतले.

राहण्याची जागा, वस्त्र व अन्न यांची सोय झाली. औषधाची व्यवस्था मागाहून झाली. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी, म्हणजे तिसऱ्या शतकात, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत तेल गाळणाऱ्यांचीही श्रेणी होती. हा लेख याच लेण्याच्या अंगणात आहे. वसतिगृह चालविणाऱ्या कोणालाही या स्त्रीची दृष्टी लगेच ओळखू येईल.

व्यवस्था बिघडल्याचेही पुरावे आहेत. शेजारच्या लेणे क्रमांक 3 मधील राजाज्ञेत स्पष्ट म्हटले आहे की, भिक्खूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही ओस पडले आहे. म्हणून राजाच्या मालकीची नगरसीमेवरील 100 निवर्तने जमीन त्यांना द्यावी. दानपत्र दगडात कोरले तरी शेत पडीक राहू शकते, हे त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही अनुभवास आले होते.

पुढील शतकांत या डोंगरावरील वास्तूंचे उपयोग पालटले. महायान काळात, सुमारे सहाव्या शतकाच्या आसपास, लेणे क्रमांक 20 आत वाढवून तेथे बुद्धमूर्ती कोरण्यात आली. निवासाचे दालन वंदनेचे स्थान झाले. लेणे क्रमांक 11 मध्ये जैन मूर्ती आल्या. आपल्या दहाव्या लेण्यात तर मागील भिंतीवरील स्तूपाच्या उठावचित्रातूनच भैरवाची आकृती घडविली गेली. याकडे रोषाने पाहण्यापेक्षा अभ्यासकाच्या नजरेने पाहावे, असे मला वाटते. स्तूप कोरणारा छिन्नीधारी आणि भैरव कोरणारा छिन्नीधारी, दोघांचेही घाव त्या एकाच दगडावर आहेत.

भिक्खू गेले, श्रेणी गेल्या, लेखांची ब्राह्मी लिपी वाचणारेही उरले नाहीत. एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा वाचली गेली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या परिश्रमांमुळे उषवदात व विष्णुदत्ता पुन्हा आपल्याशी बोलू लागले. आज हे संरक्षित स्मारक आहे. पायथ्याशी बुद्ध स्मारक उभे आहे आणि उपासक-उपासिका मुलाबाळांसह पायऱ्या चढून येतात.

तेथे गेल्यावर थेट दालनात शिरू नये. प्रथम ओसरीत थांबावे. तेथील खोलीच्या दारावर नहपानाची कन्या व उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिचे नाव आहे. ती खोली तिचे दान. लेखात खोलीला ‘ओवरक’ म्हटले आहे. आपल्या घरातली ‘ओवरी’ त्याच शब्दकुळातली.