दिवा विझला, पण तेल पोचलं का?

मंजू, आधी एक कर. इंजिन परत सुरू करू नकोस. "ऑइलचा दिवा तर लगेच विझतो ना ताई" असं तू म्हणशील, गॅरेजवाले दादाही तेच म्हणतायत. पण वरचं झाकण काढल्यावर रॉकर कोरडे दिसले हे तू डोळ्यांनी पाहिलंयस, टॅपेटची टकटक कानांनी ऐकलीयस. त्यावर विश्वास ठेव. दिव्याचा स्विच जिथे बसवलाय तिथे निदान अर्ध्या किलोच्या आसपास दाब आहे, एवढंच तो दिवा सांगतो. तेल पुढे कुठे गेलं, कुठे अडलं, त्याला काय माहीत!

तुझ्या पद्मिनी गाडीचं इंजिन साधं आहे, हे आपलं भाग्यच समज. 1089 सीसी, बिडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, क्रँकला तीन मेन बेअरिंग, कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि तिथून पुशरॉडनी वर रॉकर. एकेकाळी मुंबईत टॅक्सीची इंजिनं बांधून बांधून मिस्त्रींचे हात बसलेले असत. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता ते हातही कमी झाले आणि बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांचा भरवसाही. म्हणून तुझ्या नुकत्याच बांधलेल्या इंजिनात बसलेला प्रत्येक नवा तुकडा बरोबर मापाचाच आहे असं धरून चालू नकोस.

आता तेलाची वाट डोळ्यांसमोर आण. तळाच्या तेलाच्या चेंबरमधून जाळी, जाळीतून पंप, तिथून ब्लॉकमधली लांब गॅलरी. गॅलरीतून फाटे फुटतात ते मेन बेअरिंगांना. मेनमधून क्रँकच्या पोटातल्या तिरक्या भोकांतून तेल बिग एंडला जातं. एक फाटा कॅमकडे जातो आणि हेडमधून वर चढून रॉकर शाफ्टमध्ये शिरतो. मग सगळं खाली टपकून परत चेंबरमध्ये. हे एका कागदावर काढ आणि गाडीपाशी चिकटवून ठेव. कुठलाही बोल्ट सोडण्याआधी आपण या वाटेवर कुठे आहोत ते बोटाने दाखवता आलं पाहिजे.

आणि एक गोष्ट मनात पक्की बसव. पंप तेल ढकलतो, दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. बागेतल्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं, पण बादली भरायला मात्र जास्त वेळ लागतो ना, तसंच. म्हणून गॅलरीचा एखादा फाटा बंद असला तरी गेजवर दाब छान दिसतो, कधी तर जरा जास्तच छान. नव्याने बांधलेल्या इंजिनात मला कमी दाबापेक्षा या छान दाबाची भीती जास्त वाटते, कारण तो बघून माणूस निश्चिंत होतो आणि गाडी हायवेला काढतो.

बेअरिंगला खरं काय हवं असतं, त्याची एक गोष्ट ऐक. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने तेल सोडायला बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरताना तेल त्या भोकातून उलटं वर यायला लागलं. त्याने बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी गेज लावला तर काटा 200 पीएसआयच्याही वर गेला. तिथे पंप नव्हताच! फिरणारा आस स्वतःच तेल ओढून बेअरिंगच्या फटीत पाचरीसारखं कोंबत होता. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. तुझ्या क्रँकचंही हेच आहे. त्याला उचलून धरणारी तेलाची फिल्म तो स्वतः तयार करतो, पंपाने त्याला फक्त न थांबता तेल पुरवायचं. पुरवठा तुटला की गेजवरच्या दाबाचा काही उपयोग नाही.

म्हणूनच "जाड ऑइल टाका, आवाज जाईल" हा दादांचा सल्ला मला पटत नाही. जाड तेलाने काटा वर जाईल, पण बारीक भोकातून ते आणखी सावकाश चढेल, सकाळी थंड इंजिनात तर फारच. आधीच कोरड्या रॉकरना आणखी उशिरा तेल मिळेल. दादा वाईट नाहीत, पण इथे ते आजार सोडून आवाजावर औषध देतायत. तू शांतपणे सांग, "तेल कुठपर्यंत येतंय ते आधी बघू." गॅरेजमध्ये बाईने प्रश्न विचारला की हसणारे दोघं-तिघं असतातच. हसू देत. गाडी तुझी आहे.

आता कामाला लाग. दिव्याचा स्विच काढून त्या जागी नळीचा साधा मेकॅनिकल गेज लाव. चारही स्पार्क प्लग काढ, कॉइलची वायर सोड, रॉकरचं झाकण उघडं ठेव आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग सेल्फला थोडी उसंत. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर भार येत नाही. काटा हललाच नाही तर पंपाने तेल धरलेलं नाही. तो बसवताना कोरडा होता, किंवा जाळीच्या नळीच्या सांध्यातून हवा ओढतोय. पंप उघडून गिअरमध्ये व्हॅसलीन भरलं की तो तेल पकडतो. ग्रीस मात्र भरू नकोस, ते लवकर विरघळत नाही.

काटा चढला आणि रॉकर तरी कोरडेच राहिले, तर अडथळा गॅलरी आणि रॉकर यांच्या मधे आहे. तुझ्या वर्णनावरून मला हीच शंका जास्त येते. पण थोडा धीर धर. काही इंजिनांत कॅमचं भोक समोर आलं की मगच वर तेल सुटतं, त्यामुळे ते थांबून थांबून येतं. क्रँक पुरेसा फिरू दे आणि मगच ठरव.

सगळ्यात आधी रॉकर शाफ्ट काढ, कारण त्यासाठी हेड खोलावं लागत नाही. तो पोकळ असतो, दोन्ही टोकांना बुचं. उजेडाकडे धरून भोकं बघ. जुन्या शाफ्टच्या पोटात काळा, कडक मळ साठलेला असतो, तो नुसत्या रॉकेलच्या बुडीने निघत नाही. बूच काढून आत तार आणि ब्रश घालावाच लागतो. मग शाफ्ट कुठल्या बाजूने बसला होता ते तपास. उलटा किंवा टोकं बदलून बसला, तर तेल येण्याचं भोक आणि स्टँडचं भोक एकमेकांसमोर येतच नाहीत. ज्या स्टँडमधून तेल वर येतं त्याचा बोल्टही बघ. काही इंजिनांत त्या बोल्टच्या भोवतीच्या फटीतून तेल चढतं, तिथे दुसरा जाड बोल्ट बसला की रस्ता बंद. शाफ्ट काढलेला असताना पुन्हा थोडा सेल्फ मार. स्टँडच्या भोकातून तेल बाहेर आलं तर दोष शाफ्टमध्ये, आणि तिथेही कोरडं असेल तर खाली उतरायचं.

खाली म्हणजे हेडचं पॅकिंग. जुनं पॅकिंग आणि उरलेलं एखादं नवं, दोन्ही असतील तर एकमेकांवर ठेव आणि तेलाचं भोक आहे ना, ते बघ. हेड फेस करून आणलं होतंस ना? मग त्या वाटेत ॲल्युमिनियमचा बुरा अडकलाय का ते हवेने आणि तारेने तपासून घे. कॅमचे बुश बदलले असतील तर तिथेही डोकं घाल. बुश ठोकताना किंचित फिरला की त्याचं भोक ब्लॉकच्या भोकावरून सरकतं.

एक दोष असा आहे की त्याच्या नावाने माझ्या पोटात गोळा येतो. मेन बेअरिंगच्या दोन कवच्या असतात, भोकाची ब्लॉकमध्ये बसते. ती चुकून खाली कॅपमध्ये गेली आणि बिनभोकाची वर बसली, तर तिथलं तेलच बंद होतं. मेन कोरडं, त्यावरचं बिग एंड कोरडं, आणि गेज मात्र खूश. रॉकर वाजून तक्रार तरी करतात, हे बेअरिंग एकदम धरतं.

हे क्रँक न काढता तपासता येतं. चेंबर उतरव. औषध फवारायचा हाताने हवा भरायचा पंप नवा आण, वापरलेला नको. त्यात तेच इंजिन ऑइल भर, नळी स्विचच्या भोकाला जोड आणि खालून टॉर्च मार. प्रत्येक बेअरिंगच्या कडेला तेल हळूहळू जमून थेंब थेंब पडायला हवं. क्रँक हाताने थोडा थोडा फिरवत राहा. एखादं कोरडंच राहिलं तर सापडला चोर. एखाद्यातून धार लागली तर तिथली फट मोठी आहे.

फटीचा हिशेब ऐक. जर्नलच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी फट असावी, म्हणजे 50 मिलिमीटरला 0.05. ती दुप्पट झाली की गळणारं तेल आठपट होतं. क्रँक 0.50 ला ग्राइंड झाला आणि बेअरिंग 0.25 चं बसलं, असं खरंच घडतं. पाकिटावरचा आकडा बघ आणि लेथवाल्याकडून जर्नलचं माप लिहून घे. नंतर कधी गरम झाल्यावर स्लोमध्ये दाब पडायला लागला तर पहिला संशय या फटींवर घ्यायचा, दुसरा रिलीफ व्हॉल्व्हवर. त्या व्हॉल्व्हच्या सीटवर एखादा बारीक कण अडकला तरी तेल तिथूनच परत चेंबरमध्ये पळतं. चालत्या गाडीत हजार फेऱ्यांमागे 10 पीएसआय, म्हणजे किलोच्या पाऊण हिश्श्याहून जरा कमी, हा जुना अंदाज पुरेसा आहे.

चेंबर खाली आलाच आहे तर जाळी उजेडात धर. सिलिकॉनचे रबरासारखे तुकडे आणि पुसायच्या वेस्टचे धागे तिथेच येऊन बसतात. तळाचं तेल पांढऱ्या बशीत ओतून उन्हात बघ. लोहचुंबकाला चिकटलं ते पोलाद. न चिकटणारी मऊ चंदेरी चमक दिसली तर ती बहुतेक बेअरिंगची. ती दिसली की रॉकरचा विचार सोड आणि कॅप खोल.

शनिवारी बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेव, गेज आणि त्याचा आटे जुळणारा निपल आधीच आणून ठेव, नाहीतर दुकानं फिरण्यात दिवस जाईल. शाफ्ट काढण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढ. सेल्फ मारताना रॉकरचा व्हिडिओ मला पाठव, आणि तो बघून मी फोन करेपर्यंत हेडच्या नटांना पाना लावू नकोस.