छाटीचा हिशेब

नासिकहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिन्नर हे तालुक्याचे गाव आहे. गोंदेश्वराचे प्राचीन देवालय पाहण्यासाठी प्रवासी तेथे थांबतात. परंतु विसाव्या शतकात या गावाचे नाव दूरवर पोहोचले, ते विडीच्या धंद्यामुळे. तालुक्याच्या पूर्व भागात पाऊस थोडा. केवळ शेतीवर वर्ष निभावणे कठीण. अशा घरांतील स्त्रियांना या धंद्याने काम दिले.

टेंभुर्णीची पाने भिजवायची, मापाने कापायची, त्यांत तंबाखू भरून विडी वळायची, टोक दुमडायचे व दोरा बांधायचा. मजुरी दर हजार विड्यांमागे ठरलेली असे. हात कितीही तयार असला, तरी हजार विड्या वळण्यात दिवस सरतो, आणि तंबाखूची धूळ श्वासावाटे छातीत जात राहते.

तयार विड्या कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे पोहोचल्या, की त्यांची पारख होई. जी विडी वाकडी, सैल किंवा आखूड दिसे, ती बाजूला पडे. हिलाच ‘छाट’ म्हणत. छाटीची मजुरी मिळत नसे. छाट किती काढावी, हे बहुधा पारखणाराच्या मर्जीवर असे. पाने कमी भरली, तर पदरचे पैसे घालून ती विकत आणावी लागत. हिशेब चुकला हे बाईला कळे. पण तिने एकटीने हुज्जत घातली, तर उद्या पाने मिळतील याची शाश्वती कोणती?

या प्रश्नाला उत्तर एकच होते, ते म्हणजे संघटना. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. १९२६ च्या कायद्याने सात माणसांनाही आपल्या युनियनची नोंदणी करता येऊ लागली. तथापि कोळशाच्या खाणीत किंवा कापडगिरणीत शेकडो मजूर एका भोंग्यावर एकत्र येतात. विडी कामगारांतील बहुतेक जणी आपापल्या ओसरीवर बसलेल्या. त्यांना एकत्र आणणे मोठे जिकिरीचे होते. तरीही युनियन उभ्या राहिल्या. सिन्नरच्या शेजारच्या मुलखात ‘संगमनेर-अकोला तालुका विडी कामगार युनियन’ होती. (हे अकोला म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील अकोले, विदर्भातील शहर नव्हे.)

१९४८ च्या किमान वेतन कायद्यात विडीच्या धंद्याचा समावेश झाला, आणि भांडण न्यायालयात गेले. सिन्नरची ‘भिकुसा यमासा क्षत्रिय’ ही पेढी आणि वर सांगितलेली युनियन यांचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. किमान मजुरीचे दर भागाभागाने वेगळे ठरविता येतात, हे न्यायालयाने १९६२ साली मान्य केले.

छाटीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. मुंबई सरकारने १९५८ साली विदर्भातील विडी कामगारांचे दर ठरविताना छाटीविषयीही नियम घातले होते. गोंदियाच्या व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. कायद्याने सरकारला मजुरी ठरविण्याचा अधिकार दिला आहे, कामाच्या इतर अटी ठरविण्याचा नाही, असे सांगून न्यायालयाने १९६१ साली ते नियम रद्द केले.

याहून मोठा पेच निराळाच होता. विडी वळणारा हा कायद्याच्या दृष्टीने कामगार आहे काय? नागपूरच्या एका कारखान्यातील मजुरांना न्यायालयाने १९६० साली कामगार मानले. वाईट विडी नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर त्याची देखरेख आहे, हेही त्याचे एक कारण होते. ज्या छाटीने मजुरी कापली जाई, तीच येथे मजुराच्या उपयोगी पडली! परंतु पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात उलट निकाल लागला. तो मजूर वाटेल तेव्हा येई व वाटेल तेव्हा जाई. म्हणून तो कामगार नव्हे, आणि त्याला चार दिवसांच्या भरपगारी रजेचा हक्क नाही, असे बहुमताने ठरले. एका न्यायाधीशांनी मात्र याहून वेगळे मत नोंदविले. कारखान्यात बसणाऱ्याची ही गत, तर घरी विड्या वळणारीला कोण विचारणार?

अखेर १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या मालातून घरी विड्या वळणारी स्त्रीही त्यात कामगार ठरली. तिला भरपगारी रजेचा हक्क मिळाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास लावण्याची बंदी झाली. छाटीचा तंटा सरकारी अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोयही झाली. मालकांनी या कायद्यालाही आव्हान दिले. परंतु १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

१९७६ साली विडीच्या तंबाखूवर उपकर बसवून कल्याण निधी उभारण्यात आला. त्यातून दवाखाने निघाले. विडी कामगाराचे ओळखपत्र घरात असले, की त्या घरातील शाळकरी मुलाला शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येऊ लागला. अर्जात आईचा व्यवसाय लिहावा लागे, आणि तेथे शब्द असे : विडी कामगार.