समाजशास्त्राचं पहिलं वर्ष : नेमकं शिकवतात काय?

समाजशास्त्र ठरवून घेणारी मुलं थोडी. बहुतेकांच्या ते वाट्याला येतं. मानसशास्त्राच्या जागा भरलेल्या असतात, अर्थशास्त्रातल्या गणिताची धास्ती असते, मग कोणीतरी सांगतं, "समाजशास्त्र टाक. सोपं आहे, पेपरात काहीही लिहिलं तरी चालतं." घरी कळलं की वडील विचारतात, "याचं पुढे काय करतात?" आणि आई विचारते, "म्हणजे समाजसेवा का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून आधी आईचा प्रश्न घेऊ.

समाजसेवेचं, म्हणजे समाजकार्याचं, शिक्षण वेगळं. बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू या त्याच्या पदव्या. मुंबईतलं निर्मला निकेतन, पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था, १९३६ साली सुरू झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही त्याची नावाजलेली ठिकाणं. अडचणीतल्या माणसासोबत, वस्तीसोबत काम कसं करायचं, याचं ते प्रशिक्षण. समाजशास्त्राचा विद्यार्थी त्याच वस्तीत गेला तर आधी विचारील, की ही वस्ती इथे आली कशी, इथे कोण राहतं, आणि शेजारच्या सोसायटीत हीच माणसं भाड्याने घर मागायला गेली तर त्यांना काय उत्तर मिळतं. समाजशास्त्रात बीए करून पुढे एमएसडब्ल्यूला जाणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना या अभ्यासाचा उपयोगच होतो. पण प्रवेश घेताना दोन्हींत गल्लत नको.

आता एफवायबीएच्या वर्गात काय चालतं ते पाहू. सुरुवातीला संज्ञांचा मारा असतो : समूह, समुदाय, संस्था, प्रस्थिती, भूमिका, प्रमाणके, सामाजीकरण, सामाजिक नियंत्रण, स्तरीकरण. बरीच मुलं इथेच कंटाळतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. 'प्रस्थिती म्हणजे काय ते सांगून तिची वैशिष्ट्ये लिहा' असल्या प्रश्नाचं उत्तर गाइडमधून पाठ केलं, की विषय तिथेच संपतो. पण शिकवणारा बरा असेल तर तो वर्गातल्याच एखाद्या मुलीला उभं करतो. घरात तू धाकटी, गावाकडे थोरल्या घरची नात, एसटीत पासवाली, संध्याकाळी वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसलीस की शेठची मुलगी. बहिणीचा साखरपुडा आणि इंटर्नल परीक्षा एकाच दिवशी आली तर कुठे जाशील? कोण रागावेल? आणि तुझ्या जागी भाऊ असता तर हा पेच पडला असता का? अशा दहा मिनिटांत प्रस्थिती, भूमिका आणि भूमिकासंघर्ष हे तिन्ही शब्द कळतात, आणि चौथा, लिंगभाव, दारात येऊन उभा राहतो.

मग विचारवंत येतात. ऑगस्त कॉम्तने एकोणिसाव्या शतकात या शास्त्राला नाव दिलं, मार्क्सने वर्गसंघर्ष सांगितला, वेबरने धर्म आणि भांडवलशाहीचं नातं शोधलं, एवढं बहुतेक ठिकाणी होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना खरा धक्का देतो तो एमिल दुर्खीम. आत्महत्येइतकी खासगी गोष्ट दुसरी नाही, असं आपण धरून चालतो. दुर्खीमने १८९७ च्या ग्रंथात युरोपातली आकडेवारी मांडून दाखवलं, की तिचं प्रमाण देशानुसार, धर्मपंथानुसार, विवाहित-अविवाहितांनुसार बदलतं आणि वर्षानुवर्षं बऱ्यापैकी स्थिर राहतं. म्हणजे एकेका माणसाच्या मनाच्या पलीकडे, त्याला बांधून ठेवणाऱ्या किंवा सैल सोडणाऱ्या नात्यांतही कारणं आहेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना हे ऐकताना वेगळं उदाहरण द्यावं लागत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स याने १९५९ मध्ये हाच धागा पुढे नेला. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याचं कौशल्य तपासा; पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासून काय हाती लागणार? आपल्याकडे हे समजून घ्यायला पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत जावं. खुर्चीला खुर्ची लागलेली, पाठीवर सॅक अडकवलेली, टेबलावर चालू घडामोडींचे अंक. सकाळी सातला आलेली मुलं रात्री दहाला उठतात. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. पोरगं चौथ्यांदा नापास झालं की घरी म्हणतात, "कमी पडला." कमी तो पडलाही असेल, पण ज्या परीक्षेत बहुसंख्यांनी नापास व्हायचं हे जाहिरातीतल्या जागांच्या आकड्यानेच ठरलेलं असतं, तिचा हिशेब घरातल्या वादात कोणी मांडत नाही. पालकांनो, मुलगा समाजशास्त्र घेतोय आणि पुढे एमपीएससी करणार आहे, एवढ्यावर निश्चिंत होत असाल, तर हा उतारा तुमच्यासाठीही आहे.

या विषयाचं आपल्या मातीशी नातं किती जुनं आहे, हे मुलांना सहसा सांगितलं जात नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. पहिले प्रमुख स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. १९२४ मध्ये त्यांच्या जागी आले गोविंद सदाशिव घुर्ये, मूळचे मालवणचे. जात आणि वंश यांवरचं त्यांचं पुस्तक १९३२ चं. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी, आणि 'संस्कृतीकरण' व 'प्रभुत्वशाली जात' या संज्ञा देणारे एम. एन. श्रीनिवासही. 'युगान्त'मुळे घराघरांत पोचलेल्या इरावतीबाईंनी भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवर १९५३ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. आत्याच्या किंवा मामाच्या मुलाशी लग्न कुठे चालतं आणि कुठे ते पाप ठरतं, याचा प्रदेशवार शोध त्यांनी घेतला. अशा लग्नांवरून घरात कुजबूज ऐकलेली मुलं हे वाचताना सरसावून बसतात.

आणि या सगळ्यांच्याही आधी, १९१६ च्या मे महिन्यात, पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्यामुळे, हा त्याचा गाभा. काही प्राध्यापक यावर मुलांना सोपा स्वाध्याय देतात. रविवारच्या पेपरातल्या वधू-वर जाहिराती कापायच्या, वहीत चिकटवायच्या आणि रकाने पाडायचे : पोटजात लिहिली आहे का, वर्ण लिहिला आहे का, 'अपेक्षा' कोणाच्या जास्त आहेत, 'आंतरजातीय चालेल' म्हटल्यावर पुढे 'क्षमस्व' म्हणून कोणाला वगळलं आहे. वही भरली की मुलं गप्प होतात. २०११-१२ च्या इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हेत आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के आलं होतं. आंबेडकरांचा शंभर वर्षांपूर्वीचा निबंध, रविवारची पुरवणी आणि पाहणीतला आकडा असे शेजारी शेजारी ठेवता आले, की पहिल्या वर्षाने आपलं काम केलं असं मी मानतो.

दुसरा स्वाध्याय मला याहून आवडतो. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर प्रत्येक सदस्याच्या नावापुढे 'काम' असा रकाना असतो. मुलं घरून भरून आणतात : वडील रिक्षाचालक, भाऊ कुरिअर कंपनीत, आई 'काही नाही'. मग सर सांगतात, उद्या सुट्टी आहे, आईच्या दिवसाची नोंद करा, दर अर्ध्या तासाला. पाच वाजता नळाला पाणी, साडेपाचला डबे, साडेसहाला आजोबांच्या गोळ्या आणि चहा, आठला धुणं. दुपारी दोन ते तीनच्या रांगेत 'आराम' लिहिलेलं असतं आणि कंसात 'तांदूळ निवडत'. संध्याकाळी ब्लाउजला हुक लावून द्यायचं शेजारणीचं काम, त्याचे पैसे मिळतात, पण ते कोणी कमाईत धरलेले नसतात. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं आला, पुरुषाचा ९७. वर्गात हा आकडा नोंदीनंतर सांगायचा असतो. आधी सांगितला तर तो फक्त पाठ होतो. प्रश्नावलीत 'काम' या शब्दाची व्याख्या कोणी केली, यावर देशातल्या निम्म्या लोकांचे कष्ट मोजले जाणार की नाही हे ठरतं, हे मुलांना इथे उमगतं. संशोधन पद्धती हा रुक्ष वाटणारा पेपर पुढच्या वर्षांत येतो, त्याचं बी इथलं.

पालकांना एक इशारा. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी आलं की जेवताना काहीतरी काढणार : सोसायटीच्या नोटिशीत घरकामाला येणाऱ्या मावशींना वेगळी लिफ्ट का, किंवा आत्याच्या लग्नात हुंडा 'दिला नाही, हौसेनं केलं' असं का म्हणतात. याला उद्धटपणा समजू नका. अर्थात, नव्याने शिकलेल्या चार संज्ञा घेऊन आजीला कोंडीत पकडणाऱ्या कार्ट्यांचा मलाही वैताग येतो. पण महिन्याभरात ते 'असं का' ऐवजी 'असं आहे हे कशावरून' असं विचारू लागलं, तर फी सत्कारणी लागली.

आता वडिलांचा प्रश्न. नुसत्या बीए समाजशास्त्रावर नोकरी दारात येत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. ही पदवी कशाशी तरी जोडावी लागते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे, २५० गुणांचे दोन पेपर, मराठीतून लिहिता येतात. सामान्य अध्ययनातल्या भारतीय समाजाच्या भागालाही तोच अभ्यास कामी येतो. पण अभ्यासिकांची गोष्ट वर झालीच आहे, त्यामुळे हा एकमेव बेत नको. अध्यापनाचा विचार असेल तर ज्युनिअर कॉलेजला एमए आणि बीएड लागतं, सीनिअरला नेट किंवा सेट. आणि कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवण्याची वर्षं किती लांबतात, हे एखाद्या ओळखीच्या प्राध्यापकाला विचारा. शाळेत पाचवी ते दहावी समाजशास्त्र असा स्वतंत्र विषय नसतो. शाळाशिक्षक व्हायचं असेल तर सोबत इतिहास किंवा भूगोल हवाच. हे कोणी सांगत नाही आणि मुलं बीएडच्या दारात अडकतात.

मला या विषयाची खरी बाजारपेठ दिसते ती माणसांकडे जाऊन नीट प्रश्न विचारण्याच्या कामात. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम ती बघते. २०१९ ते २१ च्या पाहणीत सहा लाखांहून अधिक घरांत माणसं गेली. अशा पाहण्या, स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प, कंपन्यांचे सीएसआर विभाग, ग्राहक संशोधन करणाऱ्या कंपन्या, मोबाइल ॲप खेड्यातल्या माणसाला वापरता येतं का हे तपासणारे चमू, या सगळ्यांना बोलीभाषा जाणणारी, समोरच्याला न दुखावता उत्तर काढून घेणारी मुलं लागतात. सुरुवातीच्या कामाचा थाट काही नाही : सहा महिन्यांचं कंत्राट, पाठीवर टॅब, दुपारच्या उन्हात बंद दारं. वर जायचं तर आकडे हाताळता यायला हवेत. म्हणून माझं स्पष्ट मत, की मायनर निवडताना संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा भूगोल यांपैकी जे कॉलेजात मिळेल ते घ्यावं, आणि एक्सेल पहिल्याच वर्षी शिकून टाकावं. मराठीतून उत्तरं लिहायला हरकत नाही, पण वाचन इंग्रजीतूनही सुरू ठेवावं. एमएला पोचल्यावर बहुतेक ग्रंथ त्याच भाषेत समोर येतात. टाटा संस्थेसारख्या ठिकाणचा प्रवेशही आता सीयूईटी-पीजी या सामायिक परीक्षेतून होतो.

कॉलेज निवडताना निकालाची टक्केवारी पाहून फसू नका. विभागात जाऊन दोनच गोष्टी विचारा : गेल्या वर्षी मुलांना फील्डवर्कला कुठे नेलं होतं, आणि त्यांनी लिहिलेला एखादा अहवाल बघायला मिळेल का? कपाटातून धूळ झटकून का होईना, पण मुलांच्या हस्ताक्षरातली, प्रश्नावली जोडलेली एखादी फाइल निघाली तर प्रवेश घ्यायला हरकत नाही. "तसलं काही नसतं हो, नोट्स देतो आम्ही सगळ्या" असं उत्तर आलं, तर पुढच्या कॉलेजची बस पकडा.