एक लायब्ररी, तीन अ‍ॅप

पुण्यातल्या एका कंपनीची तीन अ‍ॅप होती. एक ग्राहकांचे, एक दुकानदारांचे आणि एक घरपोच माल देणाऱ्या मुलांचे. तिन्हींत तारखा दाखवायच्या, रकमांना लाख-कोटींच्या हिशेबाने स्वल्पविराम द्यायचे, मोबाइल नंबर तपासायचा, सर्व्हरकडे ऑर्डर पाठवायची. तेच काम तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेले होते. एका अ‍ॅपमधली चूक सुधारली तरी उरलेल्या दोन्हींत ती तशीच राही. शेवटी टीमने ठरवले की हे सगळे बाहेर काढून एका सामायिक लायब्ररीत ठेवायचे आणि ती लायब्ररी तिन्ही अ‍ॅपना जोडायची. या निर्णयात वावगे काही नव्हते. प्रस्तुत लेखक त्या टीममध्ये होता. नंतर जे घडले ते इथे सविस्तर मांडण्याचे कारण एवढेच, की आज कितीतरी लहान कंपन्या नेमक्या याच विचारात आहेत.

नवी लायब्ररी असलेली अ‍ॅप बाजारात गेली आणि तक्रारी सुरू झाल्या. ऑर्डर नोंदवायला गेले की ‘काहीतरी चुकले’ एवढाच संदेश येई. टीममधल्या कुणाच्याही फोनवर तसे होईना. टेस्टिंग करणाऱ्यांनी हिंदीत लावलेला फोनही तपासला, तोही व्यवस्थित चालला. तक्रारी मात्र थांबेनात, आणि त्या सातारा, सांगली, लातूरकडून जास्त येत होत्या. अखेर एका दुकानदाराने स्क्रीनचा फोटो पाठवला तेव्हा उलगडा झाला. त्याचा सबंध फोन मराठीत होता.

अँड्रॉइडवर तारीख किंवा आकडा मजकुरात बदलणाऱ्या फंक्शनला कोणत्या भाषेच्या रीतीने बदल हे सांगितले नाही, तर ते फोनची भाषा धरते. कोणत्या भाषेत अंक कोणते, तारखेचा क्रम कोणता, याचा तक्ता युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून येतो. त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत आणि हिंदीचे मात्र इंग्रजी. त्यामुळे हिंदी फोनवर सारे सुरळीत, आणि मराठी फोनवरून सर्व्हरकडे जाणारी तारीख थेट ‘२०२२-०३-१५’ अशी. माणसाला ती वाचता येते. सर्व्हरवरच्या कोडला ती तारीख वाटलीच नाही.

यातली खरी मेख वेगळीच होती. एकत्र करण्याआधीच्या तीन नकलांपैकी घरपोच अ‍ॅपमधली नक्कल बरोबर होती. सर्व्हरसाठीची तारीख बनवताना तिथे भाषा स्पष्ट नमूद केलेली होती. एकत्र करताना दिसायला सुटसुटीत अशी दुसरी नक्कल उचलली गेली, बरोबर नक्कल पुसली गेली, आणि एका अ‍ॅपमध्ये दडलेला दोष तिन्हींत पोचला. तीन नकला दिसतात तेव्हा त्यांतले फरक हे बहुतेक वेळा निष्काळजीपणाचे नसतात. कुणीतरी, कधीतरी, एखाद्या तक्रारीनंतर ती जादा ओळ घातलेली असते. म्हणून एकत्र करण्यापूर्वी प्रत्येक फरकाचा इतिहास पाहावा. ही ओळ कुणी, कोणत्या तक्रारीवर घातली, हे गिटमध्ये सापडते. तेवढे वाचायला लागलेला वेळ वाया जात नाही.

दुरुस्ती सोपी होती. माणसाने वाचायच्या मजकुरासाठी एक फंक्शन आणि यंत्राने वाचायच्या मजकुरासाठी दुसरे, अशी दोन वेगळ्या नावांची फंक्शने केली. दुसऱ्यात भाषेचा प्रश्नच ठेवला नाही. अ‍ॅपलही आपल्या प्रोग्रामरना यंत्रासाठीच्या तारखांना कायमची ठरलेली रीत लावायला सांगते, आणि अँड्रॉइड स्टुडिओही अशा जागी इशारा देतो. तो इशारा इतर शेकडो इशाऱ्यांत बुडाला होता.

पण दुरुस्ती लिहिणे आणि ती फोनपर्यंत पोचणे यांत मोबाइलवर फार अंतर असते. वेबसाइट चुकली तर दुरुस्त पान लगेच चढवता येते. इथे तीन अ‍ॅपची तीन नवी व्हर्जने, त्यांची टेस्टिंग, प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअरची तपासणी, आणि त्यानंतरही ग्राहकाने अपडेट घेण्याची वाट पाहणे. कमी जागेचा फोन वापरणारा माणूस अपडेट महिनोन् महिने टाळतो. त्या टीमला वाचवले ते सर्व्हरवाल्यांनी. त्यांनी देवनागरी अंकही स्वीकारण्याची सोय केली आणि ऑर्डर सुरू झाल्या.

सामायिक लायब्ररीच्या अशा फटक्यातून मोठ्या कंपन्याही सुटलेल्या नाहीत. मे २०२० मध्ये आणि पुन्हा १० जुलै २०२० रोजी जगभरातल्या आयफोनवर स्पॉटिफाय, पिंटरेस्ट, टिंडर अशी अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडू लागली. त्या कंपन्यांनी स्वतःच्या कोडमध्ये काहीच बदल केला नव्हता. त्या सगळ्यांत फेसबुकचा एसडीके, म्हणजे फेसबुकने इतरांना वापरायला दिलेली लायब्ररी, बसवलेला होता. अ‍ॅप सुरू होताच तो फेसबुकच्या सर्व्हरला काही माहिती विचारत असे. मे महिन्यात त्या उत्तराचा साचा बदलला, एसडीकेने तो न तपासता वापरला, आणि सबंध अ‍ॅप कोसळले. ज्यांनी फेसबुकवरून कधी लॉगिन केले नव्हते त्यांचेही. यातून धडा घेऊन लायब्ररी लिहिणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. अ‍ॅप उघडताना आपणहून काही काम सुरू करू नये, अ‍ॅपने सांगितल्यावर करावे. आणि बाहेरून आलेल्या कोणत्याही उत्तरावर विश्वास ठेवू नये. उत्तर विचित्र आले तर लायब्ररीने गप्प बसावे, यजमान अ‍ॅप पाडू नये.

लायब्ररी कधी करावी, याचा एक जुना ठोकताळा आहे. मार्टिन फाउलर यांनी १९९९ च्या ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकात तो डॉन रॉबर्ट्स यांच्या नावाने दिला: पहिल्यांदा लिहा, दुसऱ्यांदा पुनरावृत्ती खुपली तरी लिहा, तिसऱ्यांदा मात्र एकत्र करा. मोबाइलच्या बाबतीत प्रस्तुत लेखक त्यात एक अट घालील. तिसरी वेळ आली तरी लायब्ररी कोण सांभाळणार त्या माणसाचे नाव ठरल्याशिवाय ती काढू नये. ‘सगळ्यांची’ म्हणून काढलेल्या लायब्ररीत प्रत्येक टीम आपल्या सोयीचा एकेक पर्याय घालत जाते. दुकानदारांच्या अ‍ॅपसाठी एक फ्लॅग, ग्राहकांच्या अ‍ॅपसाठी दुसरा. वर्षभरात साधे रक्कम दाखवणारे फंक्शन आठ पर्याय मागू लागते आणि त्यांची कोणती जोडी कुठे चालते हे कुणालाच सांगता येत नाही. तसे दिसू लागले तर ते फंक्शन पुन्हा तोडून ज्याच्या त्याच्या अ‍ॅपमध्ये परत द्यावे. यात कमीपणा नाही.

आत काय ठेवावे? ज्याचे नियम अ‍ॅपवर अवलंबून नाहीत ते: रकमांचे हिशेब, आयएफएससी कोडची तपासणी, सर्व्हरशी बोलण्याची रीत, नोंदी ठेवणे. स्क्रीन, बटणे, संदेशांचे शब्द हे शक्यतो बाहेर. अँड्रॉइडवर याला एक तांत्रिक कारणही आहे. लायब्ररीतल्या आणि अ‍ॅपमधल्या मजकुराचे नाव एकच असेल तर बिल्डच्या वेळी अ‍ॅपचा मजकूर लायब्ररीच्या मजकुराची जागा घेतो, आणि साधारणपणे कुणी इशाराही देत नाही. दोन्हीकडे ‘एरर’ नावाची ओळ असली की लायब्ररीच्या पडद्यावर भलताच संदेश झळकतो. लायब्ररीतल्या प्रत्येक नावाला स्वतःचा उपसर्ग लावला की हा घोळ टळतो.

परवानग्यांचेही तसेच. लायब्ररीच्या मॅनिफेस्टमध्ये लोकेशनची परवानगी लिहिलेली असली तर ती ज्या अ‍ॅपला जोडाल त्या अ‍ॅपच्या यादीत उतरते. साधे कॅल्क्युलेटर लोकेशन का मागते, असा प्रश्न ग्राहकाला पडतो तेव्हा अनेकदा उत्तर अशाच कुठल्यातरी लायब्ररीत असते. नवी लायब्ररी घेताना एकत्रित झालेले मॅनिफेस्ट उघडून वाचणे, ही पाच मिनिटांची सवय प्रत्येक टीमने लावून घ्यावी. आयफोनसाठी तर मे २०२४ पासून अ‍ॅपलने बऱ्याच प्रचलित एसडीकेंना कोणती माहिती गोळा करता हे एका ठरावीक फाइलमध्ये जाहीर करणे बंधनकारक केले आहे.

आकाराचाही विचार हवा. अँड्रॉइडच्या एका डेक्स फाइलमध्ये, म्हणजे अ‍ॅपचा कंपाइल झालेला कोड असलेल्या फाइलमध्ये, ६५,५३६ मेथडचीच नोंद बसते. एके काळी गूगलची स्वतःची प्ले सर्व्हिसेस ही एकच प्रचंड लायब्ररी होती. फक्त नकाशा हवा असला तरी सगळा बोजा घ्यावा लागे, आणि कितीतरी अ‍ॅप त्या मर्यादेला जाऊन थडकली. २०१४ च्या अखेरीस ६.५ या व्हर्जनपासून गूगलने तिचे तुकडे केले. नकाशे वेगळे, लोकेशन वेगळे, जाहिराती वेगळ्या. आपली लायब्ररीही सुरुवातीपासून अशा लहान मॉड्यूलमध्ये ठेवली तर पुढचा त्रास वाचतो.

आता व्हर्जन. ‘२.४.१’ यातला पहिला आकडा बदलला म्हणजे जुना वापर मोडेल, दुसरा बदलला म्हणजे काही वाढले, तिसरा बदलला म्हणजे केवळ दुरुस्ती, हा संकेत बहुतेकांना ठाऊक असतो. तो पाळणे मात्र वाटते तितके सरळ नाही. कॉटलिन भाषेत एखाद्या डेटा क्लासला एक जादा प्रॉपर्टी दिली, तिला डिफॉल्ट किंमतही दिली, तर कोड पुन्हा कंपाइल केल्यावर छान चालतो. पण आधीच कंपाइल झालेली दुसरी लायब्ररी जुन्या रूपाला हाक मारते, ते सापडत नाही, आणि अ‍ॅप ग्राहकाच्या हातात कोसळते. त्यात ग्रेडल हे बिल्डचे साधन एकाच लायब्ररीच्या दोन व्हर्जनांपैकी मोठे आपणहून निवडते. बिल्ड यशस्वी, क्रॅश नंतर. म्हणून लायब्ररीचा जेवढा भाग बाहेरच्यांना लागतो तेवढाच उघडा ठेवावा, बाकी सारे ‘इंटर्नल’. जे उघडे केले ते मोडण्याचा अधिकार आपण गमावला, असे समजून चालावे. कॉटलिनच्या १.४ व्हर्जनपासून त्यासाठी एक कडक मोड आहे, ज्यात प्रत्येक उघड्या गोष्टीचा उघडेपणा हाताने लिहावा लागतो. लायब्ररीसाठी तो पहिल्या दिवशीच चालू करावा.

आणखी एक फसगत रिलीजच्या वेळी होते. अँड्रॉइडचे आर-८ हे साधन न वापरलेला कोड कापते आणि नावे छोटी करते. लायब्ररी एखादा क्लास नावाने शोधत असेल तर डेव्हलपरच्या फोनवर सगळे चालते आणि स्टोअरवरच्या व्हर्जनमध्ये तो क्लासच नसतो. काय कापू नये याचे नियम लायब्ररीनेच सोबत द्यायचे असतात. ते वापरणाऱ्यावर सोडले तर प्रत्येक टीम त्याच खड्ड्यात स्वतंत्रपणे पडेल.

अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत एकच कोड चालवण्याचा मोह याहून मोठा. ड्रॉपबॉक्सने २०१३ पासून तो प्रयत्न मनापासून केला. कोड सी-प्लस-प्लसमध्ये, आणि तो जावा व ऑब्जेक्टिव्ह-सीला जोडायला जिन्नी नावाचे स्वतःचे साधन. २०१९ मध्ये त्यांनी हा मार्ग सोडल्याचे लिहिले आणि स्विफ्ट व कॉटलिनमध्ये दोन वेगळे कोड लिहू लागले. कारणे अशी: जे प्लॅटफॉर्मकडून आयते मिळते ते स्वतः बांधावे लागले, पार्श्वभूमीला चालणाऱ्या कामांचे नियम दोन्हीकडे वेगळे निघाले, आणि सी-प्लस-प्लस जाणणारे मोबाइल इंजिनिअर सोडून गेल्यावर तसे दुसरे मिळेनात. हे शेवटचे कारण लहान कंपन्यांनी नीट वाचावे. एका हुशार माणसाच्या बळावर उभी केलेली सामायिक रचना तो माणूस गेला की उरलेल्यांच्या गळ्यात पडते.

तेव्हापासून साधने सुधारली आहेत, हेही खरे. कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाले. नेटफ्लिक्सने त्याआधीच, २०२० मध्ये, चित्रीकरणाच्या कामासाठीच्या प्रॉडिकल या अ‍ॅपमध्ये ते वापरले होते. त्यांनी पडदे दोन्हीकडे वेगळे ठेवले आणि त्यांच्या मागचे लॉजिक तेवढे सामायिक केले. सुरुवात करायची तर अशाच एका तुकड्यापासून करावी.

लायब्ररी दुसऱ्याची वापरताना ती येते कुठून हेही पाहावे. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातून काढून घेतले आणि त्यावर इतर पॅकेजांमार्फत विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड थांबले. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेफ्रॉगने जेसेंटर हे भांडार बंद करण्याचे जाहीर केले. अँड्रॉइड स्टुडिओच्या नव्या प्रकल्पात त्याचे नाव कित्येक वर्षे आपोआप येत असे, त्यामुळे धावपळ मोठी झाली. ते पुढे वाचनापुरते चालू राहिले, पण तिथल्या जुन्या लायब्ररींना नवे व्हर्जन मिळणे संपले.

आता पाळी आयफोनवाल्यांची आहे. आयफोन अ‍ॅपना लायब्ररी जोडून देणाऱ्या कोकोपॉड्स या साधनाच्या मुख्य भांडारात डिसेंबर २०२६ पासून नवी व्हर्जने घेतली जाणार नाहीत, असे त्याच्या सांभाळकर्त्यांनी जाहीर केले आहे. आधीचे बिल्ड चालत राहतील. ज्या टीमच्या पॉडफाइलमध्ये स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या लायब्ररी आहेत, तिने त्यांची यादी करावी, कोणत्या स्विफ्ट पॅकेज म्हणूनही मिळतात ते तपासावे, आणि ज्यांचा सांभाळ करणारा कुणीच उरलेला नाही त्या आधी बदलायला घ्याव्यात.