कोंडीत एसी गरम का होतो?

प्रश्न : डोंबिवलीहून ठाण्याला रोज गाडीने जाणे होते. शिळफाट्याच्या कोंडीत एसी गरम हवा फेकतो, गाडी पळू लागली की पुन्हा गार. मेकॅनिक गॅस भरायला सांगतो. भरावा का?

उत्तर : लगेच नको. हे लक्षण आधी कंडेन्सरच्या पंख्याकडे बोट दाखवते. कॉम्प्रेसरने दाबलेला तापलेला गॅस रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रवरूप होतो. धावत्या गाडीत समोरचा वारा त्याला थंड करतो; कोंडीत सारी भिस्त पंख्यावर. इंजिन आणि एसी सुरू ठेवून, हात दूर ठेवून, दोन-तीन मिनिटे पंखा पाहावा. फिरतच नसेल तर फ्यूज, रिले आणि मोटर तपासून घ्यावी.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सर धुवावा. घोडबंदर रस्ता काय, कल्याण-शिळ मार्ग काय, मेट्रोच्या कामांची धूळ त्याच्या जाळीत बसते. पाण्याची धार हलकी हवी, जोराच्या धारेने पात्या वाकतात.

गॅस कमी असूही शकतो. पण तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे. ती न शोधता पुन्हा पुन्हा गॅस भरणे म्हणजे ग्राहकाची शुद्ध लूट. शिवाय बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो.

गळती बंद करून, व्हॅक्यूम काढून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम तोलूनच गॅस भरून घ्यावा.