उचल डावात गेली तर

प्रश्न : कन्नड तालुक्यात भिल्ल वस्तीजवळच्या शाळेत मी शिकवते. झाडाखाली तिर्रटचे डाव बसतात, पोरं मोबाईलवर रमी खेळतात. पोलिसांची धाड पडते, चार दिवसांनी डाव पुन्हा सुरू. व्यसनमुक्तीची व्याख्यानं झाली, पण कुणी मनावर घेत नाही. आदिवासींसाठी काही वेगळा उपाय असतो का?

उत्तर : असतो. पण जुगार हा आदिवासींचाच दुर्गुण, हे आधी डोक्यातून काढा. द्यूतात राज्य घालवणारा धर्मराज कुठल्या पाड्यावरचा होता? 1960 च्या दशकात मटका फोफावला तोही मुंबईत. फरक पडतो हरल्यानंतर. पगारदाराला पुढच्या महिन्यात पगार मिळतो. ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, डावात घालवून बसला, तर नवरा-बायकोचा अख्खा कोयता हंगामभर ती फेडत राबतो. उचल दोघांच्या घामावर मिळते, उडवतो एकटा.

कायद्याचं म्हणाल, तर 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली झाडाखाली खेळणाराही गुन्हेगार. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पत्ते तेच, न्याय दोन! मग खाकी गाडी दिसली की वस्ती पांगते, यात नवल ते काय?

उपायाची दिशा गडचिरोलीत दिसते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना उभारण्याआधी गोंड लोकांनाच विचारलं, कसा हवा? त्यांना मोठ्या इमारतीची धास्ती होती. म्हणून दवाखाना आदिवासी गावासारखा बांधला, नातेवाइकांची सोय केली आणि नाव दिलं देवीचं, माँ दंतेश्वरी. पुढे 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती मोहिमेत दारू-तंबाखूचे निर्णय गावोगावच्या लोकांनी स्वतः बसून घेतले. तिथला विषय जुगार नव्हता, पण वाट हीच.

न्यूझीलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जुगार चालवणाऱ्यांकडूनच उपचारांसाठी आकार वसूल होतो आणि तिथल्या मूळनिवासी माओरींसाठी माओरी संस्थाही काम करतात. मेसन ड्युरी यांनी मांडलेल्या माओरी आरोग्यविचारात शरीर आणि मनासोबत कुटुंब आणि आत्मा याही आरोग्याच्या घराच्या भिंती मानल्या आहेत. तिथे जुगाऱ्याला एकटा बसवून समज देणं अपुरंच ठरणार.

तुमच्या वस्तीत काय करता येईल? आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे तिथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने मिळणारे जादा अधिकार इथल्या ग्रामसभेला नाहीत. पण बैठक घ्यायला कायदा लागत नाही. ती दसऱ्याआधी, ऊसतोडीची उचल हातात पडण्यापूर्वी घ्या. आधी बायकांशी बोला. घरातल्या डब्यातले पैसे कधी कमी झाले, हे त्यांनाच ठाऊक असतं. उचलीतला काही भाग मुकादमाने थेट बाईच्या खात्यावर टाकावा, एवढी एकच मागणी वस्तीने मिळून केली तरी पुष्कळ झालं. बोलायला शहरातला वक्ता नको. पत्ते सोडलेला वस्तीतलाच कुणी आपल्या बोलीत बोलला, तर लोक ऐकतील. शाळेत मात्र ‘जुगाऱ्याचं पोर’ हा शब्द कुणाच्या तोंडी येऊ देऊ नका.

गेलेले पैसे परत मिळवायला कुणी पुन्हा-पुन्हा डावावर बसत असेल, घरी खोटं बोलत असेल, तर तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. अशाला घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या, सोबत घरचं माणूस असू द्या. डावापायी काढलेलं कर्ज विनापरवाना सावकाराचं असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. आणि 14416 हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.